टनामागे कपात, नदीची थकबाकी

२६ जुलै १९०२ रोजी करवीर (कोल्हापूर) दरबारच्या गॅझेटात एक हुकूम छापून आला. शाहू महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडात होते. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, हा त्या हुकुमाचा गाभा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच हुकुमाच्या शेवटी एक रूक्ष, कारकुनी वाटणारं कलम आहे. हुकूम निघाल्यानंतर केलेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीस पाठवायचा, असं ते सांगतं. आपल्या अधिकाऱ्यांच्या सद्भावनेवर काही सोडायचं नाही, असं दरबारानं ठरवलेलं दिसतं. पुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला, तेव्हाही मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला गेला. त्या काळच्या कुणब्याला रुपया जड होता, आणि तो जड वाटावा म्हणूनच ठेवला होता.

योगायोग असा, की बरोबर अठ्ठ्याण्णव वर्षांनी, २६ जुलै २००० रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात जगातल्या बड्या कंपन्यांचे प्रमुख जमले आणि 'ग्लोबल कॉम्पॅक्ट' नावाच्या करारात सामील झाले. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी आदल्या वर्षी डाव्होसच्या बैठकीत ती कल्पना मांडली होती. मानवी हक्क, कामगार आणि पर्यावरण यांविषयीची नऊ तत्त्वं कंपन्यांनी आपणहून स्वीकारायची. २००४ मध्ये भ्रष्टाचारविरोधाचं दहावं तत्त्व त्यांत आलं. कायद्याचा बडगा नाही, तपासनीस नाही. प्रगतीचा अहवाल मात्र कंपनीनं स्वतः लिहून पाठवायचा. जे पाठवत नाहीत त्यांची नावं यादीतून काढली जातात आणि अशी हजारो नावं आजवर काढली गेली आहेत. तारखेच्या या जुळणीला मी काही अर्थ चिकटवत नाही. अहवाल मागण्याची गोष्ट दोन्हीकडे आहे, एवढं नोंदवतो. एकीकडे अहवाल वाचणारा दरबार होता आणि त्याच्या हाती नोकरी देण्या-काढण्याचा अधिकार होता. दुसरीकडे अहवाल लिहिणारा आणि त्यावर समाधान मानणारा बहुतेक वेळा एकच असतो.

उद्योगांनी आपणहून सामाजिक जबाबदारी घ्यावी की ती त्यांच्यावर लादावी, हा वाद आपल्याकडे तात्त्विक पातळीवर फार रंगतो. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेपासून सुरुवात होते. १९६५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकारानं दिल्लीत भरलेल्या परिसंवादाचा दाखला येतो, जिथं ग्राहक, कामगार, भागधारक आणि समाज या सगळ्यांचं उद्योग देणं लागतो असं जाहीर झालं. आणि गाडी टाटांवर येऊन थांबते. हे सगळं ठीक आहे. पण कोल्हापूर जिल्ह्याकडे या प्रश्नाचा सत्तर वर्षांचा पुरावा पडून आहे आणि तो जास्त बोलका आहे. त्यातून माझ्यापुरता निष्कर्ष असा निघतो, की इथल्या उद्योगांनी आपणहून जबाबदारी घेतली, भरपूर घेतली, मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी लाजावं इतकी घेतली. मात्र ती तिथवरच पोचली, जिथवर जाब विचारणारा माणूस समोर उभा होता. त्याच्या पलीकडे तोच उद्योग, तीच माणसं, तेच नेते असूनही ती आटली.

सुरुवात वारणेपासून करू. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणा नदीच्या काठी कोडोली हे गाव आहे. तिथले विश्वनाथ अण्णा ऊर्फ तात्यासाहेब कोरे यांनी १९५५ साली सहकारी साखर कारखान्याची नोंदणी केली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेला धडा ताजा होता. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, सरकारनं भागभांडवल आणि हमी द्यायची, मालक ऊस पिकवणाराच. त्याआधी १९३० च्या दशकात कसबा बावड्याला कोल्हापूर शुगर मिल्स ही कंपनी निघाली होती. तिथं शेतकरी हा ऊस घालणारा माणूस होता. नव्या कारखान्यांत तो सभासद झाला. माझ्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या फरकातच आहे. वारणेचं धुराडं पेटल्यावर काही वर्षांतच कारखान्याच्या आवारापलीकडे कामं सुरू झाली. १९६४ मध्ये महाविद्यालय, १९६८ मध्ये दूध संघ, मग ग्राहकांसाठी वारणा बाजार, दवाखाना, मुलांचा वाद्यवृंद, बायकांसाठी भगिनी मंडळ आणि पापडाचं केंद्र, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. वारणानगर हे नावच मुळी कारखान्यामुळं नकाशावर आलं.

यासाठी पैसा कुठून आला, हे नीट पाहण्यासारखं आहे. साखर कारखान्याच्या सभासदाला ऊस गेल्यावर जी बिलाची पावती मिळते, तिच्यात वर टन, दर आणि एकूण रक्कम असते. खाली कपातींची रांग लागते. सोसायटीचं कर्ज, खत-बियाण्याची उधारी, पाणीपट्टी, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, आणि कुठं शिक्षणासाठी तर कुठं दवाखान्यासाठी टनामागे ठरवलेले काही रुपये किंवा पैसे. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यानं टनाला एक रुपया कापला तरी हंगामाला पाच लाख उभे राहतात. १९६० च्या दशकात एवढ्या रकमेत कॉलेजची इमारत होत होती. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांना आपण 'कारखान्यानं काढलेली' म्हणतो, त्यांचा पाया शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापलेल्या पैशावर आहे. या दातृत्वात दाता आणि घेता एकच होता. पैसे गेले ते माझे, शिकला तो माझा पोरगा, आणि हिशेब मागायची जागा कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा. कपात पटली नाही तर सभासद उठून विचारू शकत होता. तात्यासाहेबांची दृष्टी मोठी होती, हे कुणी नाकारणार नाही. पण ती दृष्टी सभासदाच्या पावतीतून वाट काढत होती, म्हणून ती बांधील राहिली.

याच वारणेच्या खोऱ्यात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रयोग झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून आसपासची सत्तर गावं संगणकांनी जोडायची योजना केली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण असं सगळं गावातल्या केंद्रावर मिळेल, अशी घोषणा होती. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुकही खूप केलं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं जाऊन पाहिलं, तेव्हा त्या संगणकांचा उपयोग मुख्यत्वे एकाच कामाला होत असल्याचं त्यांना आढळलं. शेतकरी येत, आपला ऊस किती टन गेला, खताची उधारी किती, बिल किती निघालं हे बघत आणि जात. तेवढीच माहिती मग मोबाईलवरच्या एसएमएसनं द्यायचा प्रयोग झाला आणि तो स्वस्तात चालला. संशोधकांनी याकडे तंत्रज्ञानाची गोष्ट म्हणून पाहिलं. मला त्यात हिशेबाची भूक दिसते. शासन आणि संस्था विकासाची मोठी थाळी वाढत होत्या, सभासदानं त्यातला नेमका आपल्या हिशेबाचा घास उचलला. काट्यावर आपला ऊस किती भरला, ही या जिल्ह्यातली सर्वांत जुनी शंका आहे आणि 'काटामारी' हा शब्द तिनंच रूढ केला.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की साखर कारखाना ही सहकारी संस्था आहे; कंपनीच्या जबाबदारीची चर्चा करताना तिचा दाखला कसा चालेल? आक्षेप कायद्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण शेकडो कोटींची उलाढाल करणारा, आसवनी आणि वीजप्रकल्प चालवणारा, हजारभर कामगार ठेवणारा उद्योग नदीत पाणी सोडताना स्वतःच्या नोंदणीचा कायदा कोणता हे आठवत नाही. आणि निखळ खासगी कंपनीचं उदाहरणही इथून फार लांब नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला. बेळगाव नगरपालिकेनं त्यांना जागा सोडायला लावली होती. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कामगारांना घरं, शाळा, पाणी, वाचनालय. वसाहतीत शिवाशिवीला थारा नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणदारीची नोकरी. ही सगळी जबाबदारी मालकानं कुणी न विचारता घेतली होती. माझ्या म्हणण्याला हे उघड छेद देतं, असं वाटेल.

मात्र किर्लोस्करवाडीत सीमारेषा आखलेली होती आणि ती वसाहतीच्या कुंपणाची होती. आत राहणारा प्रत्येक जण रोज मालकाच्या डोळ्यांसमोर होता, मालक त्याच्या. लक्ष्मणराव स्वतः कारखान्यात उभे राहून काम करणारे होते. तिथं जाब विचारायला सभा लागत नव्हती. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत बाहेरून आलेल्या जमावानं किर्लोस्करवाडीत जाळपोळ केली. त्या जाळपोळीचं समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. निरपराध माणसांची घरं-दारं जातीवरून जाळणं हा गुन्हाच होता. पण अडतीस वर्षांच्या आदर्श वसाहतीचं आसपासच्या गावांशी असं नातं तयार झालं नव्हतं, की जमाव वेशीवर अडावा, हेही त्या दिवशी कळलं. मालकाचा चांगुलपणा आत राहणाऱ्यांना मिळाला. त्याच दशकात उद्योगसमूहाचं लक्ष पुणे, बंगळूर, हरिहर इकडे वळलं. चांगुलपणा मालकाच्या स्वभावात असेल, तर मालक फिरेल तिकडे तोही फिरतो.

आता साखरेच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. उसाच्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल करताना एका लिटरमागे साधारण दहा-बारा लिटर काळपट, उग्र वासाचं, आम्लधर्मी पाणी उरतं. कारखान्यात त्याला स्पेंटवॉश म्हणतात, नदीकाठच्या गावांत 'मळीचं पाणी'. ते पाण्यात मिसळलं की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांच्या कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन मरतात. मार्च २००३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना एकत्र बसवून एक सनद तयार केली. तिचं नावच 'पर्यावरण रक्षणासाठी कंपन्यांची जबाबदारी' असं होतं. कायद्यानं सांगितलंय त्याच्याही पुढं उद्योगांनी आपणहून जावं, हा तिचा हेतू. साखर आणि आसवन्या त्या सतरांत होत्या. आसवन्यांनी डिसेंबर २००५ पर्यंत सगळा स्पेंटवॉश खतात, इंधनात किंवा अन्य मार्गांनी जिरवावा आणि नदी-नाल्यात एक थेंब सोडू नये, असं टप्प्याटप्प्यानं ठरलं. 'ग्लोबल कॉम्पॅक्ट' ज्या वृत्तीतून आला तीच ही वृत्ती. फक्त भाषा सरकारी आणि मुदत पक्की.

त्या मुदतीनंतरची वर्षं पंचगंगेच्या काठी कशी गेली, हे शिरोळ तालुक्यातल्या कुणालाही विचारा. प्रयाग चिखलीला संगम होऊन कोल्हापूर शहरावरून आणि इचलकरंजीच्या कडेनं ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. उन्हाळ्यात प्रवाह थांबला की तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडायचा, पाण्याला काळा रंग आणि फेस यायचा, माणसं नाकाला फडकं लावून बंधाऱ्यावर जमायची. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि अनेकांचा जीव गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेनं गेलं, नागपूरच्या नीरी संस्थेकडून पाहणी झाली. या सगळ्याचं पाप एकट्या कारखान्यांच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. कोल्हापूर शहराचं मैलापाणी जयंती नाल्यातून वर्षानुवर्षं नदीत गेलं, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचं रंगीत पाणी काळ्या ओढ्यातून आलं, आणि नगरपालिका नावाच्या संस्थेला तर निवडून दिलेले सदस्य होते. पण मुद्दा तोच राहतो. कोल्हापूरच्या नगरसेवकाला शिरोळच्या माणसाचं मत लागत नाही. वरच्या अंगाच्या साखर कारखान्याच्या सभेत खालच्या अंगाच्या गावकऱ्याला बसता येत नाही. ज्या संस्थांनी टनामागे पैसे कापून कॉलेजं उभारली, त्यांनाच नदीसाठी टनामागे काही कापावं असं आपणहून सुचलं नाही. सुचलं असतं तरी सभेत त्याच्या बाजूनं बोलणारा कुणी नव्हता, कारण ज्याचं पाणी बिघडलं तो सभासदच नव्हता.

शेवटी काय झालं? २०१४ मध्ये केंद्रीय मंडळानं याच सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर चोवीस तास आकडे पाठवणारी यंत्रं बसवणं बंधनकारक केलं. म्हणजे सनदेची भाषा अकरा वर्षं वापरून झाल्यावर आपण पुन्हा १९०२ च्या त्या रूक्ष कलमाशी आलो. आता तक्ता तिमाही नव्हता, क्षणाक्षणाचा होता, आणि तो कारकुनानं लिहायचा नव्हता. यंत्रं चुकीची दाखवतात, बंद पडतात, पाडली जातात, अशा तक्रारी आहेतच. पण सनदेविरुद्ध तक्रार करायलाही जागा नव्हती. तिच्यात मुदत होती, पण ती मोडणाऱ्याला जाब विचारण्याची सोय नव्हती.

नदीसारखीच दुसरी अनुपस्थित सभासद म्हणजे बीडची ऊसतोड बाई. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, मुख्यतः बीड जिल्ह्यातून, काही लाख माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो आणि हंगामभर ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली राहते. राज्यात सर्वाधिक म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास साखर उतारा देणारा कोल्हापूर विभागाचा ऊस याच हातांनी तुटतो, आणि तो तुटल्यापासून लवकर गाळला तर उतारा चांगला मिळतो म्हणून हे हात पहाटेपासून राबतात. त्यांच्या कोप्या कारखान्याच्या आवाराबाहेर पडतात. त्यांच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, त्या मुख्यतः स्वयंसेवी संस्था आणि सरकार यांच्या रेट्यानं. अभियांत्रिकी महाविद्यालय काढू शकणाऱ्या कारखान्याला दीडशे मुलांची चार महिन्यांची शाळा परवडत नव्हती, असं म्हणता येणार नाही. अखेर सरकारनं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढलं आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरवलं. पुन्हा टन आलाच. शिक्षणासाठीची कपात सभेनं आपणहून केली होती, तोडणी मजुराची कपात शासननिर्णयानं करावी लागली. फरक एवढाच, की पहिल्या कपातीचा लाभार्थी सभेत बसला होता.

दुसरा आक्षेप राजकारणाचा आहे. शिक्षणसंस्था काय, दवाखाने काय, ही सगळी मतांची बेगमी होती. त्यात कसली आलीय सामाजिक जबाबदारी? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. कारखान्याचा अध्यक्ष आमदार होतो, कॉलेजातल्या नोकऱ्या कुणाला मिळतात हे गावाला ठाऊक असतं, आणि सर्वसाधारण सभेत समोरच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर'चा गजर उठला की मागच्या रांगेतला प्रश्न तिथंच बुडतो. पण या आक्षेपानं माझं म्हणणं अधिक पक्कं होतं. मत मागणारा माणूस मतदाराला काहीतरी देतो. म्हणजे ज्याच्या हाती मत आहे त्याला मिळतं. आणि सभेची दारं अगदीच बंद झाली तेव्हा याच जिल्ह्यात जयसिंगपूरच्या ऊस परिषदा भरल्या, उसाच्या वाहतुकीच्या गाड्या अडल्या, चौदा दिवसांत बिल देण्याचा नियम कारखान्यांच्या तोंडावर वाचून दाखवला गेला. सभासदाला रस्ता सापडला, कारण ऊस त्याच्या शेतात होता. तो अडवता येत होता. तेरवाडच्या माणसाला अडवायला काय होतं? मेलेले मासे अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणं, एवढंच.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सक्ती केली की वृत्ती मरते, असं अनेक उद्योजक म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम एप्रिल २०१४ पासून लागू झालं. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी एक जरी असलेल्या कंपनीनं मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. सुरुवातीला खर्च न केल्यास कारण द्यायचं एवढंच होतं. पुढे न वापरलेला पैसा ठरावीक निधीत भरणं आणि दंड हेही आलं. आता हा दोन टक्क्यांचा करच झाला, आणि कर भरल्यावर माणूस जबाबदारीतून सुटल्यासारखा वागतो, ही टीका खोटी नाही. कोल्हापुरातल्या बहुसंख्य फौंड्र्या तर लहान, भागीदारीतल्या किंवा घरच्या. त्या या कलमात येतच नाहीत, आणि साखर कारखाने सहकारी म्हणून बाहेर. शिवाय कायद्याच्या नियमांप्रमाणे नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम या खर्चात धरता येत नाही. याचा अर्थ असा निघतो, की आपलं सांडपाणी नीट करणं ही 'सामाजिक जबाबदारी' मोजली जात नाही, नदीकाठी रोपं लावून फलक उभारणं मोजलं जातं. नियम तर्काला धरून आहे, कारण आपली घाण आवरणं हे उपकार नव्हेतच. पण त्यामुळं छापील अहवालात रोपांचे फोटो येतात आणि पाण्याचा आकडा येत नाही.

म्हणून सक्ती की स्वेच्छा, या जोडीतला कुठलाही एक पक्ष मी घेत नाही. वारणेची कॉलेजं सक्तीनं झाली नाहीत. किर्लोस्करवाडीची शाळा सक्तीनं झाली नाही. त्यांना नाकारणं म्हणजे पुरावा नाकारणं. पण त्या दोन्ही ठिकाणी ज्याच्यासाठी केलं तो प्रश्न विचारायला हजर होता, हेही तितकंच पुराव्यानं दिसतं. सक्ती तेवढ्यासाठी लागते, जिथं तो हजर नसतो. आणि सक्तीचाही पहिला उपयोग दंड वसूल करण्यापेक्षा त्याला हजर करण्याचा आहे. शाहू महाराजांच्या तिमाही तक्त्यात मागास जातीचा उमेदवार स्वतः दरबारात उभा नव्हता. तक्त्यातला आकडा त्याच्या वतीनं उभा होता.

या जिल्ह्याला आता त्याच्या पुढचं भोगावं लागतंय. पंचगंगा पिण्याजोगी उरली नाही म्हणून इचलकरंजी शहरानं वारणेचं पाणी मागितलं. योजना मंजूर झाली, पण दानोळी आणि वारणाकाठच्या गावांनी उपसा करू दिला नाही. मग दूधगंगेवर सुळकूडहून पाणी आणायचं ठरलं; तिथं कागल आणि आसपासच्या गावांनी विरोध केला. दोन्हीकडच्या गावकऱ्यांचं म्हणणं एकच होतं: तुमची नदी तुम्ही नासवलीत, आमची का द्यावी? त्यात शेजारधर्म नाही असं इचलकरंजीकर म्हणतात, आणि तहानलेल्या वस्तीतल्या बाईनं नदी नासवलेली नाही हे खरंच आहे. पण वरच्या माणसानं खालच्याचा विचार आपणहून करायचा असतो, या समजुतीवर सत्तर वर्षं काढल्यावर असं उत्तर मिळणार होतंच.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. अहवाल आठ-पंधरा दिवस आधी सभासदांच्या घरी येतो. तुम्ही सभासद असाल, तर या वर्षी तो आला की ताळेबंदासोबत सांडपाण्याचे महिनावार आकडे आणि तोडणी मजुरांच्या वस्तीवर झालेला खर्च छापलाय का, ते बघा. नसेल तर सभेत दोन ठराव मांडा: हे आकडे पुढच्या वर्षापासून अहवालात यावेत, आणि नदीच्या खालच्या अंगाच्या गावातले दोघे व तोडणीच्या टोळीतले दोघे सभेला बोलावून त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. सभेत हे सभासदच मांडू शकतो.